वेधशाळेवर फिर्याद

वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री खुशाल घरी ठेवावी, हा विनोद आमच्या वडिलांच्या पिढीने आम्हांला दिला आणि आम्ही तो जसाच्या तसा पुढच्या पिढीच्या हवाली केला. मराठी घरांतून न झिजता, न पोचता चालत आलेल्या ज्या थोड्या वस्तू आहेत, त्यांत आजीच्या पितळी डब्याच्या खालोखाल या विनोदाचा नंबर लागावा. मीही तो दर जूनमध्ये वर्गात सांगत आलो आणि दर जूनमध्ये नवी मुले तितक्याच उत्साहाने हसत आली. अलीकडे मात्र तो माझ्या तोंडून निघत नाही. त्याचे कारण हिंगणीच्या एका शेतात आहे.

हिंगणी हे वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्याचे गाव. बोर धरणाला आणि तिथल्या वाघांना भेटायला जाणाऱ्या हौशी मंडळींना ते वाटेवर लागते. मी गेलो तो वाघासाठी नव्हे. माझा एक विद्यार्थी परीक्षा तोंडावर आलेली असताना वर्गातून नाहीसा झाला होता. चौकशी केली तेव्हा कळले की गावी गारपीट झाली आहे आणि पोरगा बापाच्या मदतीला गेला आहे. मार्च महिना होता. रविवार पाहून मी एस.टी.त बसलो.

त्याचे वडील शेताच्या बांधावर बसले होते. हरभरा सोंगून चार दिवस झालेले, मळणीयंत्राचा नंबर लागायचा होता, म्हणून सगळा माल एका जागी ढीग करून ठेवलेला. त्यावर दोन दिवसांपूर्वी संध्याकाळी वीस मिनिटे गारा आणि मागून तासभर पाऊस. आपण घरी उसळीसाठी हरभरे भिजवून फडक्यात बांधतो आणि दुसऱ्या दिवशी मोड आले की कौतुकाने पाहतो. इथे घरातली सबंध वर्षाची कमाई मोडाला लागली होती. त्यांनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर ओले घाटे बाहेर काढले आणि माझ्या हातावर ठेवले. ते आतून गरम लागत होते.

काहीतरी बोलायचे म्हणून मी विचारले, "भाऊ, अंदाज आला नव्हता का?"

"आला होता ना सर," ते म्हणाले आणि त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "रोज येते. रोज पिवळं दाखवते. पिवळं पाहू पाहू डोये पिवळे झाले आमचे."

मी वाचून पाहिले. जिल्ह्यात तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता, असा निरोप होता. दिवस बरोबर, जिल्हा बरोबर, गाराही बरोबर.

"आणि ताडपत्री?"

"घरातच होती. तुरळक म्हनलं होतं म्हनून म्या नाई टाकली. तुरळक म्हंजे थोडक्याच ना सर? तुमी तर मराठीचे मास्तर."

मी मराठीचा मास्तर खरा, पण त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. घरी येऊन शोध घेतला तेव्हा समजले की हवामानशास्त्राच्या मराठीत या साध्या शब्दाला एक काटेकोर अर्थ आहे. एखाद्या विभागात पाऊस मोजण्याची शंभर ठिकाणे असतील, तर त्यांतल्या पंचविसांपर्यंत पाऊस होईल असे वाटले की ‘तुरळक ठिकाणी’ म्हणायचे. २६ ते ५० असतील तर ‘काही ठिकाणी’. ५१ ते ७५ असतील तर ‘बऱ्याच ठिकाणी’. त्यापुढे ‘बहुतेक ठिकाणी’. पाऊस किती गावांना गाठील एवढेच हा शब्द सांगतो. ज्या गावाला गाठील तिथे तो किती झोडपील याविषयी तो अवाक्षर काढत नाही. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर ‘तुरळक’ हे गारांचे विशेषण नसून गावांचे आहे. वाक्य लिहिणाऱ्याने ते गावांना लावले, वाचणाऱ्याने गारांना लावले, आणि मधल्या मध्ये ताडपत्री घरात राहिली.

रंगांचेही तेच. हिरवा म्हणजे निश्चिंत असा, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, तांबडा म्हणजे हालचाल करा. हे रंग माणसाने काय करावे ते सांगण्यासाठी आहेत. आपण मात्र ते परीक्षेच्या गुणांसारखे वाचतो आणि तांबड्या दिवशी ऊन पडले की वेधशाळेला नापास करतो.

आणखी एक गोष्ट मला त्या मोबाइलवर दिसली. तो निरोप कुणा पुतण्याने पाठवला होता, त्याला तो गावच्या ग्रुपवरून आला होता, ग्रुपवर टाकणाऱ्याला आणखी कुठून. मूळ अंदाज कुणाचा, किती वाजताचा, पुढे तो बदलला की काय, याचा त्या निरोपात मागमूस नव्हता. अंदाज करणाऱ्याने काय लिहिले होते हे आता ब्रह्मदेवालाच ठाऊक. शिव्या मात्र ‘हवामानवाल्यां’च्या नावावर जमा झाल्या.

शिव्यांवर हे प्रकरण थांबते असेही नाही. २०१७ च्या जुलैमध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यात आनंदगावच्या शेतकऱ्यांनी दिंद्रुडच्या पोलीस ठाण्यात जाऊन पुणे आणि मुंबईच्या वेधशाळांतल्या अधिकाऱ्यांविरुद्ध तक्रार दिली. चांगल्या पावसाच्या भाकितावर विसंबून पेरले, पाऊस आला नाही, बी-बियाणे मातीत गेले. बियाणे आणि औषधे विकणाऱ्या कंपन्यांशी यांचे संगनमत असले पाहिजे, असा त्यांचा आरोप होता. वर्तमानपत्रांना हा मजकूर फार आवडला, कारण त्यात हसण्यासारखे बरेच होते. संगनमताचा आरोप मला पटत नाही. पण ज्याचे बियाणे कर्जाने घेतलेले असते, त्याला ती बातमी वाचून हसू आले असेल असेही मला वाटत नाही.

गंमत अशी की आमच्याच विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला, दर वर्षी अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट मांडतात, भोवती धान्ये ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती कशी हलली-विखुरली ते पाहून वर्षाचे पाऊसपाणी सांगतात. हजारो शेतकरी ते ऐकायला जमतात. पंचांगात नक्षत्रांना वाहने दिलेली असतात, बेडूक, म्हैस, हत्ती, मोर; त्यांवरून आमची आजी पावसाचा हिशोब करी आणि चुकला तर बेडकाला बोल लावीत नसे. घटमांडणीवर फिर्याद झाल्याचे मी ऐकले नाही. मला वाटते, जो दैवाच्या नावाने सांगतो त्याला आपण दैवासारखे माफ करतो आणि जो मोजमाप करून सांगतो त्याला मात्र सावकाराच्या वहीसारखे तपासतो. एका अर्थाने हा शास्त्राचा मानच म्हणायचा. पण या मानाची किंमत काही माणसांनी फार जबर मोजलेली आहे.

‘फोरकास्ट’ हा शब्द हवामानाच्या अर्थाने ज्याने रूढ केला, त्या रॉबर्ट फिट्झरॉयची हकीकत सांगितली पाहिजे. डार्विनला जगभर हिंडवून आणणाऱ्या ‘बीगल’ जहाजाचा हा कप्तान. पुढे १८५४ मध्ये ब्रिटिश सरकारने त्याच्या हाती हवामानाचे एक लहानसे खाते दिले. १८५९ च्या ऑक्टोबरात ‘रॉयल चार्टर’ नावाचे जहाज ऑस्ट्रेलियाहून सोन्याच्या खाणीवर कमावलेली माणसे घेऊन परतत होते. ते वेल्सच्या किनाऱ्यावर, घर डोळ्यांपुढे असताना, वादळात फुटले. सुमारे साडेचारशे माणसे गेली. फिट्झरॉयचे म्हणणे असे, की तारायंत्र हाताशी असताना हे वादळ आधी सांगता आले असते. १८६१ च्या फेब्रुवारीपासून त्याने बंदरांना तारेने वादळाचे इशारे पाठवायला सुरुवात केली. तार आली की बंदरावरच्या काठीला शंकू आणि पिंपाच्या आकाराच्या खुणा चढत. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून त्याचे रोजचे भाकित लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापून येऊ लागले.

भाकिते कधी खरी ठरत, कधी चुकत. जे चुकत ते लोकांच्या लक्षात राही. ज्या ‘टाइम्स’ने ती छापली, तोच पुढे त्यांची थट्टा करू लागला. शास्त्रज्ञ म्हणू लागले की याला सिद्धांताचा आधार नाही. फिट्झरॉय आधीच मनाने हळवा आणि कर्जात बुडालेला; स्वतःची मिळकत त्याने सरकारी कामांत घातली होती. ३० एप्रिल १८६५ रोजी सकाळी त्याने वस्तऱ्याने आपला गळा चिरला. त्याच्या या शेवटाला केवळ वर्तमानपत्रे कारण झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्यांनी त्याच्या ओझ्यात भरच घातली.

यापुढचा भाग सहसा कुणी सांगत नाही, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. त्याच्या मृत्यूनंतर एक चौकशी समिती बसली. तिने या कामाला शास्त्राचे पाठबळ नाही असा निर्णय दिला आणि १८६६ च्या अखेरीस भाकितांबरोबर वादळाचे इशारेही बंद झाले. लंडनच्या क्लबांतून हसणाऱ्यांचे यात काहीच बिघडले नाही. ओरड झाली ती बंदरांवरून. समुद्रावर पोट असलेल्या लोकांना तो अर्धामुर्धा, कधी चुकणारा इशाराही हवा होता. १८६७ मध्ये तो त्यांना परत मिळाला.

आपल्याकडेही हे नाटक झाले आहे. हिंदुस्थानचे हवामानखाते १८७५ चे. १८८६ पासून ते मोसमी पावसाचे दीर्घ मुदतीचे भाकित देऊ लागले. १८९९ साली खात्याचे प्रमुख सर जॉन इलियट यांनी चांगल्या पावसाचा होरा दिला, आणि त्या वर्षी पावसाने असा दगा दिला की १८९९-१९०० च्या दुष्काळात पश्चिम आणि मध्य हिंदुस्थान होरपळून निघाला. मध्य प्रांत आणि वऱ्हाड, म्हणजे आजचा आमचा विदर्भही, त्यातच होता. वर्तमानपत्रांनी खात्यावर झोड उठवली, आणि उठवली यात नवल नाही. पण तिचा परिणाम काय झाला? १९०२ ते १९०५ या वर्षांत भाकिते गुप्त ठेवण्यात आली. ती होत, पण फक्त सरकारच्या हाती जात. टीका थांबली, कारण टीका करायला काही उरलेच नाही. ज्याच्या पेरणीसाठी भाकित हवे होते, तो शेतकरी त्या कागदापासून आणखी दूर गेला, एवढाच फरक पडला. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हा केंब्रिजचा गणिती या खात्यावर आला. त्याने जगभरच्या हवेच्या दाबांचे आकडे वर्षानुवर्षे पिंजून काढले, त्यातून पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरच्या दाबांचा झोका शोधून काढला आणि आज ‘एल निनो’च्या नावाने जे ज्ञान आपल्या बातम्यांत वावरते त्याचा पाया घातला. इतके करूनही मोसमी पाऊस त्याला नीट सांगता आला नाहीच. १९२८ मध्ये हे खाते सिमल्याहून पुण्याला आले. त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात. नावापुरती का होईना, पुण्यात थोडी थंड हवा आहे.

टीका करूच नये, असे मी म्हणत नाही. २६ जुलै २००५ ची मुंबई पुष्कळांना आठवत असेल. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच वेळी पंचवीसएक किलोमीटरवरच्या कुलाब्याला अवघा ७४. वेधशाळेला त्यानंतर जे ऐकून घ्यावे लागले, त्यात पुष्कळसा नुसता संताप होता. पण त्यात एक रास्त प्रश्नही होता. एवढ्या मोठ्या शहरावर डॉप्लर रडार का नाही? काही वर्षांनी ते आले. यंत्र मागणारा राग आणि नुसता फजिती करणारा राग यांत हा फरक आहे.

आणि कधी कधी वेधशाळाच बरोबर असते व टीकाकार चुकतात, हेही नोंदवून ठेवावे. २०१३ च्या ऑक्टोबरात ‘फायलिन’ वादळ ओडिशाकडे येत असताना परदेशातले काही तज्ज्ञ आणि वृत्तपत्रे ओरडून सांगत होती की भारताचे खाते वादळाला कमी लेखत आहे, हे महावादळ आहे. खाते आपल्या आकड्यापासून हलले नाही. १२ ऑक्टोबरला गोपाळपूरजवळ वादळ जमिनीवर आले तेव्हा वाऱ्याचा वेग खात्याने सांगितल्याप्रमाणे ताशी दोनशे किलोमीटरच्या थोडा वर भरला. आधीच दहा लाखांच्या आसपास माणसे हलवलेली होती. १९९९ च्या वादळात याच ओडिशात दहा हजारांच्या आसपास माणसे मेली होती. या खेपेला तो आकडा काही दशकांत राहिला. खात्याची पाठ थोपटणारे लेख आले, पण थोडे. टळलेल्या संकटाचे छायाचित्र काढता येत नाही, ही वर्तमानपत्रांची अडचण मी समजू शकतो.

हिंगणीच्या भाऊंनी मला विचारले होते, "समुद्रातलं वादळ चार दिवस आंधी समजते, मंग आमच्या गारा काऊन समजत नाई?" त्या दिवशी मी चाचरलो, नंतर माहिती करून घेऊन पुन्हा गेलो आणि जमेल तसे सांगितले. समुद्रातले चक्रीवादळ शेकडो किलोमीटर रुंद असते आणि दिवसच्या दिवस जगते. उपग्रहाला ते दिसत राहते, त्याच्या मागे मागे जाता येते. गारांचा ढग पाचदहा किलोमीटर रुंदीचा, उंचीने मात्र दहा-बारा किलोमीटर चढणारा, आणि आयुष्य तासा-दीड तासाचे. आदल्या दिवशी एवढेच सांगता येते की खाली जमीन तापली आहे, बंगालच्या उपसागरावरून दमट वारा येतो आहे, वर थंड कोरडी हवा आहे. म्हणजे सामान जमले आहे. चुलीवर वरण रटरटते आहे हे दिसते, पण पुढचा बुडबुडा पातेल्यात नेमका कुठे फुटेल हे कोणती सुगरण सांगेल? ढग एकदा उभा राहिला की मात्र नागपूरच्या रडारला तो दिसतो, आणि कुठे सरकतो आहे तेही थोडेफार कळते.

भाऊ लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे तासभर आंधी समजते."

"समजू शकते."

"मंग त्या तासात आमाले कोन सांगते?"

हा प्रश्न मी बरेच दिवस घोळवत राहिलो. आता पुण्याच्या शास्त्रज्ञांनी केलेले ‘दामिनी’ आहे, ते जवळपास वीज पडण्याचा इशारा मोबाइलवर देते. शेतकऱ्यांसाठी २०१९ पासून ‘मेघदूत’ आहे. हे नाव ज्याने ठेवले तो रसिक असला पाहिजे. रामटेक आमच्यापासून काही लांब नाही. पण कालिदासाच्या यक्षाने ढगाला सबंध वाट समजावून दिली होती आणि घराच्या दारापर्यंतच्या खुणा सांगितल्या होत्या. आमचा मेघदूत जिल्ह्याच्या, फार तर तालुक्याच्या वेशीपर्यंत येतो. पुढे शेतातल्या ढिगापर्यंतचे अंतर पुतण्याच्या मोबाइलने कापायचे असते.

आणि पत्ता अचूक असला तरी पुरत नाही. २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळ अरबी समुद्रातून वर सरकत होते. इशारे कित्येक दिवस आधीपासून निघत होते, आणि ते खरे ठरले. तरी १७ मे रोजी मुंबईपासून दूर, तेलक्षेत्रात उभा असलेला ‘पी-३०५’ हा तराफा नांगर तुटून वाहवला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. नौदलाने खवळलेल्या समुद्रातून १८६ जणांना वाचवले. त्याबरोबर बुडालेली एक टगबोट धरून एकंदर ८६ माणसे गेली. यात कुणी काय ऐकले आणि काय नाही, यासाठी सरकारने समिती नेमली. त्या दिवसांत वेधशाळेवर हसणारा एकही विनोद माझ्या वाचनात आला नाही. इशारा बरोबर असला की विनोदाला जागा राहत नाही. माणसे मात्र तेव्हाही समुद्रातच होती.

माझा एक डॉक्टर मित्र म्हणतो, रोग्याला ‘सत्तर टक्के’ असे सांगितले की तो ‘बरा होणार’ असे ऐकतो आणि त्याचा भाऊ ‘वाचत नाही’ असे ऐकतो. पावसाचे तसेच असावे. त्यात वेधशाळेतल्या माणसाची आणखी एक पंचाईत आहे. इशारा दिला नाही आणि वादळ आले तर तो निष्काळजी. दिला आणि आले नाही तर शाळांना उगाच सुटी देवविणारा. शिव्यांच्या भीतीने त्याने रोज पिवळा रंग लावला तर आम्ही लांडग्याच्या गोष्टीतल्या गावकऱ्यांसारखे कूस बदलून झोपतो. आपण जितके जास्त हसू तितका तो पिवळा जास्त लावणार, हे उघड आहे.

पुढच्या मार्चमध्ये एका दुपारी भाऊंचा फोन आला. पोरगा तेव्हा नागपूरला होता. "सर, तुरळक लिवलं हाये," ते म्हणाले. मी म्हटले, "मग ताडपत्री टाका." माल थोडा होता, ताडपत्री मोठी होती, दोघा नवराबायकोंनी ती ओढून दगड ठेवले. बोरधरणाच्या बाजूला आभाळ काळे झाले, वीज चमकली, वारा सुटला. रात्री साडेनऊला पुन्हा फोन आला.

"नाई आला सर. तिकडंच गेला."

मला वाटले, आता ते हवामानवाल्यांना काही म्हणतील. ते म्हणाले, "राहू द्या, सकाळीच काढतो," आणि त्यांनी फोन ठेवला.